मंगळवारचं लॉ स्कूल

पहिल्याच भेटीत शेजारच्या अमेरिकन बाईंनी मला विचारलं, "तू कायदा शिकलीस म्हणजे नक्की काय केलंस?"

मी म्हटलं, "एलएल.बी. केलं. कोल्हापूरला. तीन वर्षं."

"ते समजलं. पण सकाळी उठून कॉलेजात गेल्यावर तिथे काय व्हायचं?"

लग्न ठरताना सासरच्या मंडळींनी माझा क्लास विचारला होता, उंची विचारली होती, स्वयंपाकाचं विचारलं होतं. हा प्रश्न नवीन होता. मी खरं ते सांगून टाकलं. सकाळी सातला वर्ग भरायचा. निम्मा वर्ग नोकरदारांचा. बँकेतले कारकून, एसटीच्या ऑफिसातले साहेब आणि एक फौजदार, तो बहुतेक वेळा झोपलेला. सर यायचे, पिवळी पडलेली वही उघडायचे आणि म्हणायचे, घ्या लिहून. आम्ही लिहून घ्यायचो. परीक्षेच्या आधी महिनाभर ते पाठ करायचं, पेपरात उतरवायचं, की झालो वकील.

"आणि तीन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही, की तुला काय वाटतं?"

"मला?" मी म्हटलं. "मला कशाला विचारतील?"

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांचा नवरा आतून बाहेर डोकावला.

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, आणि माझं तेव्हाचं इंग्रजी म्हणजे दर तिसऱ्या शब्दाला ठेच. इथे मराठीत सांगताना मी फारच फाडफाड बोलत होते असं वाटेल, तसं काही नव्हतं.

सौदीतल्या यान्बूत आमचा तो पहिला हिवाळा. हिवाळा म्हणजे एसी बंद करून खिडकी उघडता येते, एवढंच. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि तेलाच्या पैशाने समुद्राकाठच्या वाळूत रिफायनरी, बंदर, पाइपलाइन, रस्ते, सगळं एकदमच उगवत होतं. माझे मिस्टर पाइपलाइनवर वेल्डिंग इन्स्पेक्टर होते. मुंबईची नोकरी सोडून ते आधी आले, वर्षभराने मी आणि पाच वर्षांची मुलगी. कोकणातले शेकडो फिटर, वेल्डर, सुतार पलीकडच्या कॅम्पात एकेका खोलीत सहा-सहा जण राहायचे. आम्हा मोजक्या कुटुंबवाल्यांना भिंतीच्या आत ओळीने मांडलेली तयार घरं मिळाली होती, खोक्यांसारखी. घराला पुढे चार हात वाळू. माझं नाव नवऱ्याच्या इकाम्यात, म्हणजे राहण्याच्या परवान्यात, चिकटवलेलं. नोकरी करायची नाही, गाडी चालवायची नाही. आठवड्यातून दोनदा बायकांची बस जुन्या गावातल्या बाजारात जायची, तेवढंच बाहेर पडणं. ती बस राजापूरकडचे एक मुसलमान चाचा चालवत. मी चिपळूणची म्हटल्यावर त्यांनी मला माहेरचीच करून टाकलं होतं. बस सुटायच्या वेळी इतरांना "यल्ला, यल्ला" आणि मला "चला वैनी, बसा बगू."

बाई आमच्या शेजारच्या खोक्यात. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, केस कापलेले. नवरा बंदराच्या कामावर इंजिनिअर, त्या स्वतः तिकडे कायदा शिकवणाऱ्या. त्यांना नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह होता. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्यांना बाई म्हणतात, आणि त्या लवकरच मला शिकवायला लागल्या, म्हणून मनातल्या मनात त्या माझ्या बाईच झाल्या. तोंडाने मी मॅडम म्हणायचे आणि त्या दर वेळी डोळे फिरवायच्या.

दुसऱ्या दिवशी चहाला गेले तर त्यांनी माझ्यापुढे एक पुस्तक ठेवलं. विटेएवढं जाड. त्यात नुसते निकाल. कलमं नाहीत, व्याख्या नाहीत, मुद्दा एक-मुद्दा दोन नाही. जिद्दाच्या विमानतळावर कस्टमवाल्याने हे पुस्तक पानापानाने चाळलं होतं, म्हणे. आत एकही चित्र सापडेना, तेव्हा त्याने बाईंकडे दयेने पाहिलं आणि ते परत केलं.

"यातलं पहिलं प्रकरण वाच. उद्या बोलू."

मी वाचलं. एका आजारी घोड्याच्या विक्रीवरून झालेला दावा. सवयीप्रमाणे पाठसुद्धा केलं. दुसऱ्या दिवशी हात मांडीवर ठेवून सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

"छान," बाई म्हणाल्या. "कोण जिंकलं?"

"घोडा विकणारा."

"का?"

"कोर्टाने तसं म्हटलंय म्हणून."

"आणि कोर्ट चुकलं असेल तर?"

कोर्ट चुकतं ही कल्पना माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. अपील असतं हे ठाऊक होतं, पण अपिलाला किती दिवसांची मुदत आणि कुठलं कलम, एवढंच. बाईंनी कपात चहा ओतला आणि म्हणाल्या, "समजा, घोडा आजारी नव्हता, म्हातारा होता. मग?" मी काहीतरी उत्तर दिलं. "समजा, विकणाऱ्याला ठाऊक होतं. मग?" पुन्हा काहीतरी दिलं. "मघाशी तर तू उलटं म्हणालीस." असा तासभर छळ. घरी आले तेव्हा डोकं गरगरत होतं. भाजीत मीठ घालायचं राहिलं. मिस्टर म्हणाले, "काय झालं गं?" मी म्हटलं, "अहो, घोडा म्हातारा असता तर?" त्यांनी मुकाट्याने मीठ घेतलं.

पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. का गेले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बहुधा मला काय वाटतं हे कुणीतरी विचारत होतं, म्हणूनच.

ही छळाची पद्धत बाईंच्या घरची नव्हती, अमेरिकेत सगळीकडे तशीच. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या एका जुन्या विद्यापीठात नवा प्रमुख आला, त्याने व्याख्यानं बंद केली. विद्यार्थ्यांच्या हातात निकाल दिले आणि वर्गात येऊन फक्त प्रश्न विचारायला सुरुवात केली. पोरं चिडली. फी भरली ती ज्ञान घ्यायला, आणि हा माणूस आपल्यालाच विचारतोय! वर्ग ओस पडला, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं उरली. पण पुढे तीच पोरं वकिलीत आणि मास्तरकीत चमकली, आणि बघता बघता सगळ्या लॉ स्कूलांनी तीच पद्धत उचलली.

"म्हणजे सगळे तेव्हापासून शहाणे झाले?" मी विचारलं.

"छे! कोर्टात अर्ज कसा लिहायचा, अशिलाशी कसं बोलायचं, हे शिकवायचं मात्र राहूनच गेलं," बाई म्हणाल्या. "निकालावर तासभर भांडता येतं आणि साधं भाडेपत्र करता येत नाही, असे वकील आम्ही ढिगाने तयार केले." आपल्या देशाच्या गोष्टीही त्या अशा हसत हसत फोडायच्या.

भाडेपत्र करायला बाईंचे वडील शिकले होते, तेही लॉ स्कूलचं तोंड न बघता. ही गोष्ट त्यांनी ताइफला सांगितली. मुलीच्या शाळेला सुट्टी होती म्हणून दोन्ही कुटुंबं त्यांच्या मोठ्या गाडीतून निघालो. मक्केच्या अलीकडे आमच्यासारख्या बिगर-मुसलमानांचा रस्ता वेगळा फुटतो, तो डोंगर चढत जातो. वर पोचलो तर हवा महाबळेश्वरची. गुलाबांचा हंगाम संपला होता, पण बाजारात अजून गुलाबपाण्याचा वास होता. माझ्या मुलीने स्वेटर मागितला, आणि सौदीत स्वेटर कुठून आणायचा म्हणून आम्ही सगळे हसलो. एका टपरीवर दूध न घातलेला चहा पीत बसलो होतो, तेव्हा मिस्टरांनी सहज विचारलं, तुमच्या घरात आधी कुणी वकील होतं का.

होते. वडील एका लहानशा गावात एका म्हाताऱ्या वकिलाच्या ऑफिसात लागले. शेगडी पेटवायची, झाडायचं, दस्तांच्या नकला हाताने करायच्या आणि रिकाम्या वेळात इंग्रजी कायद्याचं एक जाडजूड पुस्तक वाचायचं. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. काही वर्षांनी म्हातारा म्हणाला, आता जज्जसाहेबांना भेट. जज्जांनी कोर्टाच्या ओट्यावर उभं करून तीन प्रश्न विचारले. त्यातला एक नदीत ट्राउट कुठे मिळतो, याबद्दल होता.

"आणि?" मिस्टरांनी विचारलं.

"त्याचं उत्तर सगळ्यात चांगलं आलं. सनद मिळाली, आणि दोघे मासे धरायला गेले."

मिस्टर खूश झाले. "म्हणजे आमच्या वेल्डरांसारखंच की. उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी. सर्टिफिकेट मागाहून."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. त्यांच्या देशात बराच काळ बहुतेक वकील असेच तयार झाले. मग एखाददुसऱ्या हुशार वकिलाकडे उमेदवारांची इतकी गर्दी व्हायला लागली की त्याने ऑफिसाच्या मागेच वर्ग भरवायला सुरुवात केली. तीच तिथली पहिली लॉ स्कूलं. विद्यापीठांनी त्यात हात घातला तो नंतर, आणि मग आधी कॉलेजची पदवी हवी, मग तीन वर्षं, मग लेखी परीक्षा, असं दार अरुंद होत गेलं. "माझे वडील उत्तम वकील होते," बाई म्हणाल्या, "पण मी शिकले तोपर्यंत त्यांना त्या दारातून कुणी आत घेतलं नसतं."

यान्बूला परतलो आणि आमच्या चहात भर पडायला लागली. पहिली आली ती कंपनीच्या दवाखान्यातली केरळी नर्स. मंगळवारी तिची सुट्टी असे, आणि मंगळवारी बाजाराची बसही नसे, म्हणून मंगळवार ठरला. मग आणखी चौघी आल्या. कायदा शिकलेली मी एकटीच, पण बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, घोडा सगळ्यांना कळतो. कंपाउंडच्या मॅनेजरला संशय आला. सभा-बिभा घेतलेल्या इथे चालत नसत. त्याने मिस्टरांना गाठून विचारलं, "मंगळवारी तुमच्या लेडीज करतात काय?"

"केक खातात," मिस्टर म्हणाले. ते खरंही होतं. बाई गाजराचा केक फार चांगला करायच्या.

त्या केकवर एकदा नर्सने विचारलं, की अमेरिकेत काळ्या लोकांना वकील होता येतं का. बाईंनी सुरी खाली ठेवली. पुष्कळ लॉ स्कूलांनी त्यांना दारातही उभं केलं नव्हतं, त्या म्हणाल्या. दक्षिणेतल्या एका राज्यात एका काळ्या माणसाने अर्ज केला, तर त्याला गोऱ्यांच्यात बसवायला नको म्हणून राज्याने त्याच्यासाठी वेगळं लॉ स्कूल उघडलं. थोड्या खोल्या, थोडी पुस्तकं, थोडे मास्तर. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं, हे लॉ स्कूल बरोबरीचं नाही. ज्या लोकांमध्ये वावरून पुढे वकिली करायची, त्यांच्यापासून बाजूला काढून कायदा शिकवता येत नाही.

"मग इथे आपण काय करतोय, सगळ्यांपासून बाजूला?" नर्स म्हणाली.

बाई म्हणाल्या, "आपण एकमेकींशी भांडतोय ना, तेवढं पुरे सध्या." भांडणाचा खरा योग मात्र पुढे आला, आणि तो माझ्याच घरातून.

पहिल्या घरापुढच्या वाळूत मी शेवगा लावला होता. आईने सामानात दिलेल्या बिया. चाचांनी मेंढ्यांच्या वाड्यातून पोतंभर खत आणून दिलं होतं. रोज भांडी विसळलेलं पाणी मी त्याला घालायचे. वर्षभरात तो छपराच्या वर गेला, फुलला, आणि बोटभर शेंगाही धरल्या. नेमकं तेव्हाच कंपनीने आम्हाला दोन गल्ल्या पलीकडचं मोठं घर दिलं. सामान हललं, शेवगा कुठला हलतोय! आणि जुन्या घरात राहायला कोण आलं? ती नर्स आणि तिचा नवरा. शेवगा म्हणजे काय हे कंपाउंडातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. तिला पक्कं ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी मी पिशवी घेऊन शेंगा काढायला गेले. ती दारात उभी राहिली.

"सिस्टर, शेंगा न्यायला आलेय," मी हिंदीत म्हटलं.

"कुठल्या शेंगा?"

"माझ्या."

"झाड तर माझ्या घरापुढे आहे," ती गोडपणे म्हणाली. आतून सांबाराचा वास येत होता.

मी तशीच परत फिरले. संताप संताप झाला होता. सरळ बाईंकडे गेले आणि म्हटलं, तुम्हीच सांगा. बाईंचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना मी दिवाळीचा फराळ नेऊन दिलाय. "उत्तम! मंगळवारी खटला चालवू. नर्सलाही सांगते. मात्र तू तिची बाजू मांडायची आणि तिने तुझी."

"मी? तिची?"

"हो."

"पण झाड माझं आहे, मॅडम!"

"तुझी बाजू तुला आधीच पाठ आहे. त्यात शिकायचं काय राहिलं?"

मी म्हटलं, जमणार नाही. खरं तर रडू येत होतं. बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि तेव्हा पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या. त्यांच्या वर्गात मुली इनमीन चार-पाच. एक प्रोफेसर मुलींना एरवी प्रश्नच विचारत नसत. सत्रातून एक दिवस ठरवलेला, बायकांचा दिवस. त्या दिवशी सगळ्या मुलींना पुढे बसवायचं आणि मुद्दाम असं काहीतरी हास्यास्पद प्रकरण द्यायचं, की मुलगे पोट धरून हसतील. बाईंच्या वाट्याला बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या विक्रीवरून झालेला दावा आला. प्रोफेसरांनी त्यांना दुकानदाराची बाजू मांडायला लावली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मांडली. इतक्या गंभीरपणे मांडली की पहिली पाच मिनिटं हसणारे नंतर लिहून घ्यायला लागले. ती बाजू मला पटत नव्हती. पण त्या दिवशी मला समजलं, की मी वकील आहे."

त्या चांगल्या नंबराने पास झाल्या. मोठ्या ऑफिसांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, टायपिंगचा स्पीड किती. मग त्या एका रात्रीच्या लॉ स्कूलमध्ये शिकवायला लागल्या. ट्रामचे कंडक्टर, पोलीस, परदेशातून आलेल्यांची मुलं, एक विधवा शिंपीण, सगळे दिवसभर राबून संध्याकाळी यायचे. मोठ्या विद्यापीठांचे लोक असल्या शाळांना नाकं मुरडायचे. दर्जाच्या नावाखाली नियम वाढवून पुष्कळ शाळा त्यांनी बंदही पाडल्या होत्या. "पण प्रश्नांची उत्तरं द्यायला माझे कंडक्टर कधी घाबरले नाहीत," बाई म्हणाल्या. "दिवसभर लोकांशी हुज्जत घालायची सवय!" मला आमचा सकाळी सातचा वर्ग आठवला. कोल्हापूरचा फौजदार बाईंच्या वर्गात झोपला नसता.

मंगळवारपर्यंत मी तयारीला लागले. मिस्टरांना समोर बसवून मी त्यांना माझ्या जागी धरायचे, आणि त्यांच्यावर नर्सच्या बाजूने तुटून पडायचे. ते म्हणाले, "अगं, मी काय केलंय?"

खटला बाईंच्या हॉलमध्ये चालला. बाई न्यायाधीश. बाकीच्या चौघी ज्यूरी, समोर केक. आधी नर्स उठली आणि माझ्या बाजूने बोलली. बिया आणल्या कुणी? पाणी घातलं कुणी? भांड्यांचं पाणी उचलून बाहेर नेताना कंबर कुणाची मोडली? कंपनीने हलवलं, ती काय आपल्या मर्जीने गेली? जो पेरतो त्याला कापू द्यायला नको का? ती इतकं सुंदर बोलली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी माझी कंबर लक्षात घेतली होती.

मग मी उठले. पाठ केलेल्या कोल्हापूरच्या कलमांतलं एक कलम नेमकं कामाला आलं. मी म्हटलं, भाडेकरूने जमिनीत लावलेलं तो काढून नेऊ शकतो, पण जागा ताब्यात असेपर्यंत. किल्ली दिल्यावर नाही. जाणाऱ्या कुळाला उभं पीक कापायला परत येता येतं, मान्य. पण पीक म्हणजे भात, नाचणी, जे एकदा कापलं की संपलं. शेवगा हे झाड आहे, दर वर्षी शेंगा देणार. मग ही बाई काय दर वर्षी पिशवी घेऊन येणार? आत राहणाऱ्याने किती वर्षं दार उघडायचं? आणि उद्या फांदी मोडून छप्पर फुटलं, तर दुरुस्तीला ही येणार आहे का?

"तिने खत घातलं होतं," बाई म्हणाल्या.

"खत घालताना घर आपलं नाही हे तिला ठाऊक होतं."

"तिच्या आईच्या बिया होत्या."

मी म्हटलं, "बियांचं झाड झालं. माया समजू शकते, पण मायेने ताबा मिळत नाही."

मला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. राग कुठे गेला होता कोण जाणे. मला नुसतं पुढे बोलत राहावंसं वाटत होतं, आणि तसं याआधी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ज्यूरीने केक संपवून निकाल दिला. इथल्या खऱ्या कायद्याचा आणि काझींचा आमच्या खेळाशी संबंध नाही. जमीन कंपनीची. कंपनीची तक्रार नाही, तोवर शेंगा घरात राहणाऱ्याच्या. चारही मतं नर्सकडे. म्हणजे मी जिंकले.

नर्सने मला मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून शेंगांची जुडी घेऊन दारात आली. "हक्क म्हणून नाही हां," ती म्हणाली. "हक्क माझा आहे. ही भेट." त्या शेंगांची आमटी करताना मी एकटीच हसत होते. शाळेतून आलेल्या मुलीने विचारलं, "आई, यू लॉस्ट?" मी म्हटलं, "नो, आय वन." तिने आमटीकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

बसमध्ये चाचांना सगळी बातमी आधीच लागली होती. खत त्यांचं, तेव्हा त्यांचाही जीव त्यात होता.

"वैनी, तुम्ही तुमच्याच विरुद्ध बोललात?"

"हो, चाचा."

"आणि जिंकलात?"

"जिंकले."

"मग हरलं कोण?"

"मीच."

चाचांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गियर टाकत म्हणाले, "तुम्ही वकील व्हा वैनी. दुसरं काय होनार तुमच्याच्यानं?"

बाई आणखी वर्षभर होत्या. मग बंदराचं काम संपलं आणि त्यांच्या नवऱ्याचा करारही. निघताना त्यांनी कुठलाही उपदेश केला नाही. गाडीत बसताना फक्त विचारलं, "परत गेल्यावर पहिला अर्ज कुठल्या कोर्टात करणार आहेस?" मी काही ठरवलंच नव्हतं. पण त्या अशा सुरात विचारायच्या की उत्तर नाही म्हणायची लाज वाटावी. मी म्हटलं, "चिपळूणला." गाडी गेल्यावर मला कळलं की मी ठरवून टाकलंय.

मुलगी चौथीत जाताना मी तिला घेऊन परतले. मिस्टर आणखी थोडी वर्षं तिथेच राहिले. मी सनद घेतली आणि एका म्हाताऱ्या वकिलांच्या ऑफिसात बसायला लागले. पहिलीच केस हरले, तीही आंब्याच्या कलमांच्या ताब्याची. घरी येऊन खूप रडले. दुसऱ्या दिवशी निकालाची नकल मागवली आणि कोर्ट कुठे चुकलं ते शोधायला बसले. अपिलात निकाल फिरला. म्हातारे वकीलसाहेब म्हणाले, "मुली, कोर्ट चुकलं असेल असं तुझ्या मनात येतं तरी कसं?" मी म्हटलं, सवय आहे.

पुढे जवळच्या लॉ कॉलेजात सकाळचे तास घ्यायला बोलावणं आलं. मी उत्साहाने गेले. वही न घेता गेले. निकाल वाचून या म्हणून सांगितलं, आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं करून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तो मागे वळून बघायला लागला, मी कुणाला विचारतेय ते.

पंधरा दिवसांत प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर चाळीस सह्यांचा अर्ज.

"मॅडम, विद्यार्थ्यांची तक्रार आहे. तुम्ही नोट्स देत नाही. नुसते प्रश्न विचारता."

"हो, सर."

"आणि उत्तर दिलं की आणखी प्रश्न विचारता, असंही लिहिलंय."

"तेही खरं आहे."

प्राचार्य भला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "असं करा. पाऊण तास तुमचे प्रश्न. शेवटची पंधरा मिनिटं नोट्स. मुलांना परीक्षा पण द्यायची आहे हो."

मी मान्य केलं, आणि पुढे पुष्कळ वर्षं तोच करार चालला. पहिला पाऊण तास वर्गात बाजार भरलेला असे. एक उठून बोलतोय, दुसरा त्याला खाली बसवतोय, मागच्या बाकावरच्या मुली तावातावाने हात वर करतायत. मग मी घड्याळ बघून म्हणायचे, "घ्या लिहून." सगळे एका क्षणात गप्प व्हायचे, आणि पंधरा मिनिटं नुसता पेनांचा आवाज.

तो अर्ज लिहिणारा मुलगा आता दिवाणी न्यायाधीश आहे. त्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलांची तक्रार माझ्या कानावर येते, की साहेब युक्तिवाद पुरा करू देत नाहीत, मध्येच प्रश्न विचारतात.